परमुलखातला पियानो

गेल्या गणेशोत्सवात आमच्या वसाहतीतील मंडळाने जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम ठेवला होता. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या अभ्यासातून वेळ काढून (की अभ्यासाला वेळ न ठेवता, हे त्यांच्या वडिलांनी ठरवावे) कीबोर्ड वाजवतात. तेही साथीला बसले होते. 'अलबेला'तले ते सर्वांच्या पायांना पाठ असलेले गाणे सुरू झाले, तेव्हा आमच्या शेजारच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांचा ऊर भरून आला. "अण्णा चितळकर पुणतांब्याचे, भगवानदादा आपलेच, आणि गाणारी तर आपल्या इंदुरातच जन्मलेली. गाणे मराठीच आहे हो, शब्द तेवढे हिंदी!" आम्ही आनंदाने मान डोलावली. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या आपल्या मंडळींना असा हिशेब मांडण्याची हौस असते आणि ती आम्हांलाही आहे.

घरी परतताना पुतण्या म्हणाला, "काका, चाल अण्णांची, आवाज लताबाईंचा, हे खरे. पण मधले जे तुकडे मी वाजवत होतो ते कुणाचे? ते काही आपल्या पेटीवरचे नव्हेत."

"गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचे," आम्ही सांगितले. इतके आम्हांस ठाऊक होते. अण्णांचा उजवा हात म्हणून काम केलेला चिक चॉकलेट हा ट्रंपेटवादक मूळचा गोव्यातील हळदोण्याचा. खरे नाव आंतोनियु झेवियर वाझ. १९५१ सालच्या त्या चित्रपटात तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो.

"आणि गोव्याच्या लोकांना कुणी शिकवले?"

तीस वर्षे वर्गात उभे राहून दुसऱ्यांना प्रश्न विचारण्याची सवय झालेल्या माणसास असा प्रश्न आला की तो आधी घड्याळाकडे पाहतो. आम्हीही पाहिले. परंतु प्रश्न मनातून जाईना. मिळेल ते वाचीत गेलो, जाणकारांना विचारले. उत्तर एका नावात मावणारे नाही, हे लवकरच कळले. तरी एक नाव असे निघाले की ज्याची हकीकत वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो. टेडी वेदरफर्ड. अमेरिकेतील निग्रो वंशाचा (आज 'कृष्णवर्णीय' म्हणतात, तेच म्हणणे उचित) पियानोवादक आणि वाद्यवृंदाचा नायक. शिकागोत नाव कमावून तो पूर्वेकडे निघाला, शांघाय व मुंबई करीत कलकत्त्यास पोहोचला आणि तेथेच संपला.

टेडीचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ चा, व्हर्जिनिया प्रांतातील पोकाहोंटस या गावचा. गाव कोळशाच्या खाणींचे. परासिया-छिंदवाड्याकडची खाणींची गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या गावाचा रंग सांगावयास नको. बालपण शेजारच्या ब्लूफिल्डमध्ये गेले. बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स शहरी आला आणि तेथे पियानो शिकला. जॅझ या संगीताचे ते माहेरघर. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्यांच्या शाळा निराळ्या, आगगाडीचे डबे निराळे. आणि हे सारे कायद्याने. १९२० नंतर लवकरच टेडी उत्तरेकडे शिकागोस गेला. हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे तेव्हा दक्षिण सोडून तीच वाट धरीत होती.

पियानो म्हणजे काय हे वाचकांस सांगणे नको. पण टेडी तो ज्या पद्धतीने वाजवी ती थोडी समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढची सारी हकीकत नुसती भटकंती वाटेल. आपल्या पेटीवर एक हात भात्यात अडकलेला. चाल काय ती दुसऱ्या हाताने. पियानोवर दोन्ही हात मोकळे आणि पट्ट्या अठ्ठ्याऐंशी. 'स्ट्राइड' नावाच्या त्या शैलीत डाव्या हाताने पहिल्या मात्रेस खर्जातला एक स्वर दाबावयाचा, दुसऱ्या मात्रेस वर येऊन मधल्या सप्तकातले तीन-चार स्वर एकत्र. तिसरीस पुन्हा खाली, चौथीस पुन्हा वर. स्ट्राइड म्हणजे ढांग. डावा हात असा सारखा ढांगा टाकीत राहतो. तबला आणि तंबोरा दोघांचेही काम तो एकटा करतो. उजव्या हातास मग मोकळे रान. मूळ चाल घ्यावी, तिला मुरड घालावी, तालाच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळावे आणि नेमके समेवर यावे. आमच्या कानाला तर ही उपजच वाटते. भेद इतकाच की आपला गवई रागाच्या चौकटीत फिरतो, हा बदलत्या स्वरसमूहांच्या चौकटीत. दोघांचेही कागदावर काही नसते. असले, तरी तेवढ्याने भागत नाही.

शिकागोच्या व्हेंडोम नावाच्या चित्रपटगृहात अर्स्किन टेट याचा वाद्यवृंद मूकपटांना साथ करी. आपल्याकडेही मूकपटाच्या वेळी पडद्यापुढे पेटी-तबला घेऊन माणसे बसत. तोच प्रकार, पण मोठ्या थाटाचा. या वृंदात पियानोवर टेडी होता आणि ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँग. आर्मस्ट्राँग म्हणजे जॅझ संगीतातला पहिल्या मानाचा माणूस. २८ मे १९२६ रोजी या वृंदाची दोन गाणी एका तबकडीच्या दोन बाजूंना मुद्रित झाली. त्याच वर्षी टेडी जॅक कार्टर या वादकाच्या मंडळीबरोबर आगबोटीत बसून पूर्वेकडे निघाला. मायदेशात असताना केलेली अशी थोडीशीच मुद्रणे हाती उरली, एवढीच त्याची घरची ठेव.

शिकागोत त्याच सुमारास अर्ल हाइन्स नावाचा दुसरा तरुण पियानोवादक होता. पुढे हाइन्सने १९२८ मध्ये आर्मस्ट्राँगबरोबर जी मुद्रणे केली त्यांनी त्याचे नाव कायमचे कोरले गेले. जॅझ पियानोचा इतिहास लिहिणारे त्याच्यापाशी थांबतात, मग पुढे सरकतात. वास्तविक टेडी शिकागोत होता तोवर त्याच्या पुढे जाणे सोपे नव्हते. तरुण हाइन्सवर त्याची छाप पडली होती. एक राहिला, एक गेला. जो राहिला त्याच्या समोर ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते आणि जो गेला त्याच्या समोर समुद्र.

येथे आम्हांस आमच्याच गावची एक थोर असामी आठवते. नाना पानसे हे पखवाजाचे केवढे आचार्य! होळकरांच्या इंदुरात त्यांनी पखवाजाची जी परंपरा उभी केली ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. आगळे घराण्याने ती येथेच पुढे चालविली. परंतु नानांच्या काळात तबकडी नव्हती, म्हणून त्यांच्या बोटांचे आज आपल्यापाशी केवळ वर्णन आहे. टेडीच्या काळात तबकडी होती आणि तरीही त्याचे मायदेशी थोडेसेच मुद्रण झाले. भा. रा. तांबे इंदूर, देवास, ग्वाल्हेर असे सारे आयुष्य परमुलखात राहूनही महाराष्ट्राच्या ओठी बसले, कारण कविता छापता येते, ती टपालाने पुण्यास जाते. वाजवणाऱ्याचे तसे नाही. तो जेथे बसतो तेथेच त्याचे वाजवणे संपते. बाहेरगावी राहणाऱ्या आपल्या कलावंतांविषयी पुण्या-मुंबईच्या मंडळींनी बेपर्वाई केली अशी तक्रार आम्ही मराठी माणसे नेहमी करतो. आम्हीही याच सदरात केली आहे. टेडीची हकीकत वाचताना त्या तक्रारीची धार थोडी बोथट झाली, हे कबूल करावयास हवे.

शांघाय हे त्या काळी पूर्वेकडचे सर्वांत रंगेल शहर. तेथे टेडीचा एवढा बोलबाला झाला की एका रात्रीत तो तीन-चार ठिकाणी हजेरी लावी. एकीकडचे वाजवून झाले की दुसरीकडे. १९३३ मध्ये लँग्स्टन ह्यूज हा कृष्णवर्णीय अमेरिकी कवी शांघायला आला, तेव्हा त्याला हा आपल्या रंगाचा माणूस तेथे असा मानाने वावरताना भेटला, आणि पुढे आत्मचरित्रात त्याने टेडीचा उल्लेख केला. १९३४ साली टेडी एकवार अमेरिकेस गेला, परंतु राहावयास नव्हे. कॅलिफोर्नियातून बक क्लेटन याचा सबंध वाद्यवृंद शांघायसाठी ठरवून तो परत आला. क्लेटन दोन वर्षांत मायदेशी गेला आणि काउंट बेसीच्या वृंदात प्रख्यात झाला. टेडी मात्र गेला नाही.

का गेला नाही? मनात काय होते ते त्याचे तोच जाणे. पण कारणांसाठी फार दूर जावे लागत नाही. ज्या देशात उत्तम हॉटेलात वाजवता येई, पण तेथेच बसून जेवता येत नसे, त्या देशापेक्षा आशियातील बंदरांत त्याला कलावंत म्हणून अधिक मान होता. आता यातली गंमत पाहा. ज्या हिंदुस्थानात तो मानाने राहिला, तेथे हिंदी माणसालाच साहेबांच्या कित्येक क्लबांत पाऊल टाकण्याची बंदी होती. आणि आमच्यातल्याच कोट्यवधींना आम्ही विहिरीवर येऊ देत नव्हतो, तो भाग आणखी निराळा.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ च्या हिवाळ्यात लिऑन अ‍ॅबी या व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद आला. त्यापाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला. नाव क्रिकेट असले तरी हा कॉर्नेट वाजवी. पहिल्या महायुद्धापूर्वीच न्यूयॉर्कमध्ये त्याची मुद्रणे झाली होती, म्हणजे माणूस जुना-जाणता. त्याच्या वृंदात पियानोवर टेडी. १९३६ साली या मंडळींनी मुंबईत काही तबकड्या केल्या. त्यांत ताजच्याच नावाचा एक फॉक्सट्रॉटही आहे. फॉक्सट्रॉट हा त्या काळच्या जोडीनृत्याचा प्रकार. मुंबईचे पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली मुंबईच्या जॅझवर जो ग्रंथ लिहिला त्याला त्याच तबकडीचे नाव दिले. टेडी १९३७ मध्ये पॅरिसला जाऊन आला आणि तेथे एकट्याच्या पियानोची काही मुद्रणे करून आला. केवळ जॅझसाठी काढलेल्या 'स्विंग' नावाच्या नव्या छापावर ती निघाली. त्याच सुमारास स्मिथच्या वृंदाची सूत्रे टेडीकडे आली.

ताजच्या त्या नृत्यगृहात टाळ्या वाजवणारे कोण होते? संस्थानिक, साहेब, पारशी धनिक. आमच्या गिरगावातल्या किंवा दादरच्या मराठी माणसाला त्या दारातून आत जाण्याचे कारणच नव्हते. आणि तरीही ते संगीत दादरला पोहोचले. ते पोहोचविले गोव्याच्या मंडळींनी.

पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावयास शिकवीत. पोटासाठी ही मुले मुंबई, रंगून, कराचीपर्यंत जात. कागदावर लिहिलेले कसलेही संगीत समोर ठेवा, ती वाजवीत. वाचण्यात ती पक्की होती. परंतु जॅझमध्ये जे लिहिता येत नाही तेच मुख्य. तो झोल, तो डौल, स्वर किंचित उशिरा टाकण्याची ती खुबी शेजारी बसल्याखेरीज येत नाही. आपल्याकडे गंडा बांधतात तो याचसाठी. फ्रँक फर्नांड हा गोव्याचा ट्रंपेटवादक ताजमध्ये क्रिकेट स्मिथच्या वृंदात बसला आणि या अमेरिकी मंडळींसारखे वाजवता यावे याचा ध्यास त्याने घेतला. हाच फर्नांड पुढे हिंदी चित्रपटसंगीतात शिरला आणि १९६३ व १९६६ साली 'आमचें नशीब' व 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट त्याने काढले. अमेरिकी वादक मुंबईतून गेले तरी ताजमधला सूर थांबला नाही. १९३९ पासून १९६० पर्यंत तेथे मिकी कोरियाचा वृंद होता.

टेडीचा शेवटचा मुक्काम कलकत्ता. ऐन युद्धात तेथील ग्रँड हॉटेलात त्याचा वाद्यवृंद असे. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतल्यावर तेथून जीव वाचवून आलेले वादक त्यात, अमेरिकी त्यात, अँग्लो-इंडियन त्यात. रूबेन सॉलोमन हा क्लॅरिनेटवाला आणि सेड्रिक वेस्ट हा गिटारवाला, दोघेही ब्रह्मदेशाकडचे. अमेरिकेत सैन्यातसुद्धा काळ्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवीत. येथे एका काळ्या माणसाच्या इशाऱ्यावर नाना वंशांची माणसे एकत्र वाजवीत होती. तेथून सैनिकांसाठी रेडिओवर कार्यक्रम होत. व्यापारी जहाजावरचा एक तरुण, जिमी विदरस्पून, कलकत्त्यास उतरला असता टेडीच्या वृंदाबरोबर गायला. मायदेशी परतल्यावर ब्लूज गायक म्हणून तो नावारूपास आला. म्हणजे टेडीजवळ येऊन गेलेले पुन्हा एकदा घरी जाऊन मोठे झाले.

त्या काळचा कलकत्ता म्हणजे केवळ नृत्यगृहाचे दिवे नव्हेत. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. शहराच्या पदपथांवर प्रेते पडली. पाठोपाठ रोगराई. ग्रँड हॉटेलच्या दाराबाहेरच हे सारे होते आणि आत वाद्ये चालू होती, ही गोष्ट लिहिताना आम्हांस अवघड वाटते. वाजवणाऱ्यांना वाटले नसेल असे म्हणवत नाही. बाहेरची एक व्याधी मात्र दारे ओलांडून आत आली. २५ एप्रिल १९४५ रोजी टेडी वेदरफर्ड पटकीने कलकत्त्यात वारला. वय एकेचाळीस. त्यानंतर दोनच आठवड्यांत युरोपातील युद्ध संपले.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, संस्थानिकांची संस्थाने गेली, १९५० च्या सुमारास मुंबई इलाख्यात कडक दारूबंदी आली आणि हॉटेलांतील नृत्यगृहांची रया गेली. वादकांना पोट होतेच. ते चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाढत्या संख्येने दिसू लागले. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली गाणे शिकलेले अण्णा चितळकर पेटीवर चाल बांधीत, आणि चिकसारखा माणूस तिला ट्रंपेट, सॅक्सोफोन, बोंगो यांचा साज चढवी. नावे पडद्यावर येत ती संगीतकाराची; साज चढवणाऱ्याचे नाव सहायक म्हणून आले तर आले. चिक १९६७ साली गेला. त्याने टेडीच्या पायाशी बसून धडे घेतले असे आम्ही म्हणत नाही. त्याचा आदर्श आर्मस्ट्राँग, तोही बराचसा तबकड्यांतून ऐकलेला. पण ज्या मुंबईत तो वाढला, तिच्या कानाला या संगीताची सवय लावणाऱ्यांत टेडीचा डावा हात होता.

कलकत्त्याचा धागाही तुटला नाही. चाळीसच्या दशकात नेपाळी वंशाचे एक ट्रंपेटवादक कलकत्त्याच्या बँडांत वाजवीत. जॉर्ज बँक्स हे त्यांनी घेतलेले नाव. त्यांचे चिरंजीव लुई बँक्स, जन्म १९४१ चा, दार्जिलिंगचा. हेही पियानोवादक, हेही वाद्यवृंदाचे नायक, आणि हेही घर सोडून आले. प्रथम कलकत्त्यात, मग मुंबईत. १९८८ साली दूरदर्शनवर भीमसेनजींच्या आवाजाने सुरू होणारे जे एकात्मतेचे गीत घरोघरी ऐकू येई, त्याची चाल अशोक पत्कींची आणि वाद्यमेळाची बांधणी लुई बँक्स यांची. आमच्या शाळेत ते गीत प्रार्थनेनंतर मुलांकडून म्हणवून घेण्याचा प्रघात पुष्कळ वर्षे होता. वाद्यमेळ कुणी बांधला हे आम्ही मुलांना कधी सांगितले नाही. आम्हांसच ठाऊक नव्हते.

हे सर्व टिपण घेऊन परवा पुतण्याला बोलावले. आमच्या अपेक्षेप्रमाणे चार पाने वाचून दाखवावी असा विचार होता. त्याने दुसऱ्याच पानावर हातातल्या मोबाइलवर १९२६ ची ती तबकडी शोधून काढली! जे गवसण्यास आम्हांस महिना लागला असता ते त्याच्या अंगठ्याला सापडले. तो अपमान आम्ही चहाबरोबर गिळला. खरखर फार आहे. आधी सगळी वाद्ये एकदम, मग आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट सगळ्यांच्या डोक्यावरून. आणि मग एकाएकी बाकीचे बाजूला होतात व पियानो एकटा येतो. काही क्षणांचीच गोष्ट. पुतण्याने ती जागा मागे नेऊन पुन्हा लावली, पुन्हा लावली. पाचव्या-सहाव्या वेळी तो म्हणाला, "काका, उजवा हात नका ऐकू. खालचा ऐका. तो कुठेच थांबत नाही."

आम्ही ऐकू लागलो. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारले, हे कोण वाजवतंय? पुतण्याने नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतले आणि तिसऱ्यांदा स्वतः नीट उच्चारून पाहिले.